बायपोलर: लिथियम आणि ओलान्झापिन सुरू आहे, भावाचं वजन वाढतंय, हात थरथरतात. औषधांची जोडी बदलता येते का?

द्राक्षवेल:

नमस्कार. प्रश्न धाकट्या भावाबद्दल आहे. वय 31, लग्न व्हायचं आहे. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, तो आणि वडील मिळून बघतात. मी नाशिकला असते.

गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर त्याची झोप उडाली. पाऊस हटत नव्हता, डावणी या बुरशीरोगाच्या भीतीने सगळेच शेतकरी रात्री-पहाटे फवारण्या करत होते, त्यामुळे घरात कुणाला वेगळं काही वाटलं नाही. पण बाकीचे दुपारी आडवे व्हायचे, हा व्हायचा नाही. रात्रीची दोन तास झोप आणि दिवसभर टवटवीत. बोलण्याला खंड नाही. मग एक दिवस शेजारच्या गटातली जमीन घ्यायची म्हणून परस्पर इसार देऊन आला. वडील बोलले तर त्यांच्या अंगावर धावून गेला. आजवर कधी उलटून न बोललेला मुलगा. गावात लोक म्हणाले बाहेरचं आहे, आईने इकडेतिकडे नेऊनही आणलं. शेवटी आम्ही नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांकडे आणलं, दाखल करावं लागलं. बायपोलर, म्हणजे मन कधी बेफाम वर तर कधी खोल खाली जाण्याचा आजार, आणि त्यातला मेनियाचा, म्हणजे वरचा, टप्पा, असं निदान झालं.

आता लिथियम दिवसातून दोनदा आणि ओलान्झापिन रात्री, असं चालू आहे. शांत झालाय, वडिलांशी बोलतोय. पण पोट एवढं सुटलंय की जुन्या पँट बसत नाहीत. सकाळी नऊपर्यंत उठवत नाही. हात थरथरतात, विरळणीची कात्री धरली की घड भलतीकडेच कापला जातो, त्यामुळे त्याने बागेत जाणंच कमी केलंय. सारखी तहान. त्यात आमचे एक काका सांगतात, लिथियम बॅटरीत घालतात, ते पोराला कशाला चारता. भाऊ म्हणतो, मी बरा झालोय, आता बंद करू.

सर्वात चांगली जोडी कोणती? दुसऱ्या गोळ्यांनी हा त्रास टळेल का? आणि ज्यांच्या घरात हे आहे अशी माणसं कुठे भेटतात? गावात कुणाशी बोलायची सोय नाही.

कोयनाकाठ:

ताई, गोळ्या बंद करायच्या नाहीत हे आधी भावाला सांगा, बाकीचं नंतर. लिथियम एकदम थांबवलं तर मेनिया उलटून येण्याचा धोका मोठा असतो, आणि येतो तो लवकर येतो. कमी करायचं असेल तर डॉक्टर ते हळूहळू, काही आठवडे-महिने घेऊन करतात.

मी मूळचा पाटणकडचा, सध्या चिंचवडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. विशीत आजार सुरू झाला, आता चाळिशी ओलांडली. मी डॉक्टर नाही. कुणी किती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही, इथे दुसऱ्या कुणी सांगितलं तर तेही धरू नका. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं हे इतक्या वर्षांत पक्कं कळलंय, ते सांगतो.

"चांगली जोडी कोणती" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण माणसागणिक ती वेगळी निघते. त्याऐवजी एकेका गोळीवर बोट ठेवून विचारा: ही कशासाठी आहे, किती दिवस आहे, तिच्यासाठी कोणती तपासणी करायची? तुमच्या भावाच्या बाबतीत माझी समजूत अशी. मेनिया भडकलेला असताना लिथियमचा परिणाम दिसायला आठवडाभर किंवा जास्त लागतो. तेवढं थांबायला वेळ नसतो, म्हणून लवकर काम करणारं ओलान्झापिन जोडीला देतात. पुढे झटका परत येऊ नये याची मुख्य जबाबदारी लिथियमवर असते. आत्महत्येचा धोका कमी करण्यातही त्याचा पुरावा सर्वात भक्कम आहे. तेव्हा माणूस स्थिर झाला की ओलान्झापिन तसंच ठेवायचं, कमी करायचं, की वजन कमी वाढवणारं दुसरं काही द्यायचं, हा विचार डॉक्टर करतात. तो विषय आपणहून काढा. वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल लिहून घेऊन जा. नुसतं "जाड झालाय" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं, आकडे समोर ठेवले की डॉक्टरही थांबून बघतात.

माझं सांगतो, म्हणजे ही वाट सरळ नसते हे कळेल. मला आधी डिप्रेशन आलं. त्याआधीचा माझा उधळलेला काळ कुणी विचारलाच नाही, त्यामुळे फक्त डिप्रेशनची गोळी मिळाली. बायपोलरमध्ये ती एकटी दिली तर माणूस वर फेकला जाऊ शकतो, तसंच झालं. मग व्हॅल्प्रोएट, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी आणखी एक गोळी, आणि ओलान्झापिन. डोकं ताळ्यावर आलं, साखर वाढायला लागली. नंतरच्या डॉक्टरांनी लिथियमवर आणलं, रात्री थोडं ओलान्झापिनच्याच जातीचं क्वेटियापिन. वरचे झटके थांबले पण खालचे येत राहिले, तेव्हा लॅमोट्रिजिन जोडलं. ही गोळी खालच्या बाजूला जास्त धरते. ती फार सावकाश वाढवावी लागते, घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं, आणि सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर आणखी सावकाश. या सगळ्यात वर्षं गेली. आज लिथियम आणि लॅमोट्रिजिन आहे. झोप तुटली तर क्वेटियापिन कधी घ्यायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. हे माझं आहे, तुमच्या भावाचं वेगळं निघेल.

जुनी गोळी म्हणून लिथियमला कमी लेखू नका. 2010 साली लॅन्सेटमध्ये बॅलन्स नावाचा अभ्यास आला होता, 330 रुग्णांचा. पुढचे झटके टाळण्यात एकटं व्हॅल्प्रोएट मागे पडलं. लिथियम, किंवा लिथियम आणि व्हॅल्प्रोएट एकत्र, हे पुढे राहिले. काकांना सांगा, बॅटरीतला धातू आणि गोळीतला क्षार यांत फरक आहे. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी मेनियावर त्याचा उपयोग दाखवला, तेव्हापासून ते वापरात आहे.

आता थरथर. रक्तातली लिथियमची पातळी, म्हणजे लेव्हल, कधी तपासली? लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं. मी रात्री नऊला गोळी घेतो आणि सकाळी नऊला लॅबमध्ये असतो. भावाला सकाळीही गोळी आहे, तर त्या दिवशीची सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. आधी घेतली तर आकडा खोटा वाढतो आणि विनाकारण डोस कमी होतो. बहुतेकांची लेव्हल 0.6 ते 1.0 च्या दरम्यान ठेवतात, नक्की कुठे ते डॉक्टर ठरवतात. डोस बदलला की आठवडाभराने पुन्हा तपासतात, आणि किडनी, थायरॉइड, कॅल्शियम वरचेवर बघतात, माझं दर सहा महिन्यांनी होतं. बोटांची बारीक थरथर लिथियमवर बऱ्याच जणांना असते. डोस, गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून ती कमी होते, काहींना प्रोप्रॅनोलॉल देतात. मशीनवर मायक्रोमीटर धरताना मलाही अडचण व्हायची, गोळी बदलून दिल्यावर गेली. म्हणून कात्रीचं डॉक्टरांना नक्की सांगा. हातावर पोट असलेल्या माणसाची थरथर किरकोळ नसते.

पण थरथर एकदम मोठी झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली, तर ती लिथियमची विषबाधा असू शकते. पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखान्यात न्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

शेवटचं झोपेचं. तुमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते ना? मग मोटर चालू करायला रात्री कोण जातं? हे काम त्याच्याकडून काढून घ्या. स्टार्टरला ऑटो बसवा किंवा मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर घ्या. रात्रीची फवारणीही दुसऱ्या कुणाकडे द्या. मला कंपनीत रात्रपाळी होती, डॉक्टरांच्या पत्रावर ती बंद करून घेतली. औषधांची जोडी बदलून मला जेवढा फायदा झाला तेवढाच रात्रपाळी सुटल्याने झाला. आणि घरात एका माणसाने त्याची झोप रोज कॅलेंडरवर लिहायची, किती वाजता झोपला, किती वाजता उठला. झोप सलग दोन-तीन रात्री कमी होऊनही तो थकलेला नसेल, तर डॉक्टरांना लगेच फोन.

मेडिकल_स्टोअर:

वरचं सगळं बरोबर आहे. माझं तालुक्याच्या गावी औषधाचं दुकान आहे, काउंटरवर जे रोज बघतो ते सांगतो. शेतकरी माणूस कंबर धरली की येऊन म्हणतो, दुखण्याची गोळी द्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या लिथियमची लेव्हल वाढवतात. पॅरासिटामॉल चालतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही लेव्हल वाढवतात. म्हणून कुठल्याही दुकानात गेलात, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, तर पहिलं वाक्य "लिथियम चालू आहे" हेच हवं. चिठ्ठी पाकिटात ठेवा, तो एकटा गेला तरी दाखवेल.

मीठ एकदम बंद करू नका, एकदम वाढवूही नका. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की लिथियम साठतं. एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळणारा माणूस, जुलाब झालेला माणूस, निर्जळी उपवास करणारा माणूस, यांना धोका जास्त. तहान लागतेय म्हणून पाणी तोडू नका, तेच तर त्याला सांभाळतंय. त्याऐवजी गोड सरबत आणि कोल्ड्रिंक तोडा, वजन तिथूनही वाढतं.

सावकाश विरघळणारी गोळी असेल तर चावू किंवा कुटू नका. आणि दर महिन्याला तीच कंपनी मिळेल असं बघा. कंपनी बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

ठाणेकर_मावशी:

द्राक्षवेल, तू माणसं कुठे भेटतात विचारलंस त्याचं उत्तर देते. माझ्या यजमानांना बायपोलर आहे, आमचं लग्न झालं तेव्हापासून. मी सुरुवातीची वर्षं माहेरीसुद्धा बोलले नाही. मग ठाण्याच्या आयपीएचमध्ये, डॉ. आनंद नाडकर्णींच्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत, जायला लागले. दुसऱ्या बायका माझ्याच घरातलं बोलताहेत असं वाटायचं. पुण्याला सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली. नाव सिझोफ्रेनियाचं असलं तरी काळजी घेणाऱ्यांचं बोलणं तिथे सारखंच असतं. बायपोलर असलेल्या माणसांनीच चालवलेला बायपोलर इंडिया हा गटही आहे, त्यात भावाला स्वतःला बोलता येईल. तुम्हाला नाशिकहून दर वेळी जाणं जमणार नाही, तर आधी फोन करून ऑनलाइन काय आहे ते विचार. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर 14416, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. भावाने मरणाची भाषा काढली तर त्याला एकटं सोडू नका, फोनही करा आणि दवाखान्यातही न्या. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, औषधं तिथेही मिळतात.

इसाराचं वाचून मात्र जीव कळवळला. आमच्याकडे दुकानाचा गाळा गेला असता. यजमान बरे असताना आम्ही दोघांनी बसून एक कागद केला: ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार दोघांच्या सहीशिवाय नाही, आणि झोप गेली की कार्ड माझ्याकडे. त्यांनीच स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, म्हणून झटक्यात चिडले तरी तो कागद दाखवता येतो. हे आजारात लादलं तर भांडण होतं, बरं असताना केलं तर माणसाला मान राहतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही सोय आहे. पुढे कधी आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधी लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. तो तुझ्या भावाने निवडायचा. वडील नको वाटत असतील तर तू.

त्याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो. दाखल केल्याची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेव.

द्राक्षवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्त 12 तासांनी दिलं होतं, लेव्हल 0.7 आली, डॉक्टर म्हणाले चांगली आहे. साखर थोडी वर आहे. ओलान्झापिन आत्ताच हलवायचं नाही, हार्वेस्टिंगची धावपळ संपली की टप्प्याटप्प्याने कमी करू म्हणाले. लिथियमची संध्याकाळची गोळी आता झोपताना दिली आहे. वडिलांनी ऑटोचा स्टार्टर बसवला. हा धागा भावाला वाचून दाखवला, त्यालाच लिहायचंय म्हणून फोन देते.

मी तिचा भाऊ लिहितोय. डावणीवर आम्ही एक औषध पानावर थर धरणारं आणि एक पानाच्या आत जाणारं, असं एकत्र मारतो, कोणाचं काम काय ते पोराटोरांनाही माहीत असतं. माझ्या गोळ्यांचं असं कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तर घ्यायला हरकत नाही.

पण एक विचारायचं आहे कोयनाकाठ दादांना. त्या दिवसांत मला फार चांगलं वाटत होतं. बागेतली काडी न काडी मला ओळखायची असं वाटायचं. आता माल तयार आहे, व्यापारी येऊन बघून जातात, आणि मला काही वाटत नाही. आनंदही नाही, दुःखही नाही. हे गोळीमुळे की आजारामुळे? आणि आयुष्यभर घ्यायच्या असतील तर लग्नाचं काय सांगायचं?

कोयनाकाठ:

भाऊ, लिहिलंस ते बरं केलंस. ते दिवस आठवतात, मलाही आठवतात, आणि त्यांची ओढ वाटणं खरं आहे. डॉक्टरांना हे सांगायला लाजू नकोस. ज्या रुग्णाला वरच्या दिवसांची ओढ आहे तो गोळी सोडण्याची शक्यता जास्त, हे त्यांनाही ठाऊक असतं. ते तसं धरूनच तुझ्याशी बोलतील.

काहीच न वाटण्याची कारणं दोन-तीन असू शकतात. ओलान्झापिनची सुस्ती असू शकते. मेनियानंतर बऱ्याच जणांना खालचा टप्पा येतो, त्याची सुरुवात असू शकते. लिथियमने थायरॉइड मंदावला तरी असंच होतं, ते रक्तात कळतं. तिन्हींचा उपाय वेगळा, म्हणून तुझं तू ठरवू नकोस. "बरं आहे" एवढंच सांगून उठू नकोस, इथे लिहिलंस तेच शब्द तिथे वाच. भूक, सकाळी जाग यायची वेळ आणि कोणाशी बोलावंसं वाटतं का, हे रोज दोन ओळींत लिहून ठेव. जगणं नको असं मनात आलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नकोस, त्याच क्षणी ताईला सांग.

गोळ्या बहुधा लांबच्या पल्ल्याच्या आहेत. किती आणि कोणत्या, हे मात्र बदलत राहतं.

लग्नाचं: मी बोलणी पक्की होण्याआधी सांगितलं, बायकोला स्वतःला, तिच्या वडिलांच्या मार्फत नाही. दोन स्थळं त्यावरून गेली. जिने ऐकून घेतलं तिला मी डॉक्टरांकडे सोबत नेलं, तिने तिचे प्रश्न विचारले. आज आम्हाला मुलगी आहे. तू सध्या घाई करू नकोस, वर्षभर स्थिर राहू दे. घरचे मागे लागले तर डॉक्टरांना पुढे कर.

खरड छाटणीचं काम एप्रिलच्या उन्हात असतं, तर मार्चअखेर लेव्हल पुन्हा करून घे आणि ओलान्झापिन कमी करायला सुरुवात कधी, ते त्याच भेटीत तारखेसकट लिहून घे. बायपोलर इंडियाच्या गटात कसं यायचं ते तुला खाजगी निरोपात पाठवलंय.